ब्रेक पॅडची सुलट बाजू

४ जानेवारी

मामा,

नमस्कार, आणि तोही मोठ्याने. फोनवर मी "ब्रेक" म्हटलं की तुम्हाला "केक" ऐकू येतं आणि वाढदिवस कोणाचा म्हणून तुम्ही विचारत बसता. परवा मी तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा दुकानात माप द्यायला आलेल्या बाई गळ्यात माझी टेप तशीच घेऊन रस्त्यावर गेल्या. म्हणून हे पत्र.

बाबांची गाडी ब्रेक दाबला की किंचाळते. सुरुवातीला मांजरासारखी किंचाळायची, आता लोखंडावर लोखंड घासल्यासारखी. बाबांना म्हटलं तर म्हणतात, "थंडी आहे." उन्हाळ्यात म्हणायचे, "धूळ आहे." गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागतं. दवाखाना उताराच्या पार खाली. तिचा पाय अजून पुरता दुमडत नाही, आणि पाय लांब सोडून बसता येईल अशी जागा फक्त या म्हाताऱ्या गाडीतच आहे. बाबा उतारभर हँडब्रेक खेचत जातात, आणि आई दाराची कडी धरून डोळे मिटून बसते. विचारलं तर सांगते, डुलकी लागते म्हणून.

गॅरेजमध्ये देऊ म्हटलं, तर "या गाडीला परका हात लागायचा नाही. मीच करणार आहे." कधी? "बघू." हे "बघू" वर्षभर चाललंय.

तुम्ही एकतीस वर्षं बसडेपोत ब्रेकची कामं केलीत. मला शिकवा. मी दिवसाला बारा शाळेचे गणवेश शिवते, माझं मशीन मीच उघडते, मीच जोडते. हातात जोर आहे. फक्त नटबोल्टांची भाषा येत नाही, तेव्हा शिवणातलं सांगितलंत तर पटकन कळेल.

तुमचं आणि बाबांचं अकरा वर्षं बोलणं नाही, हे मी विसरलेले नाही. इंजिनाचं ऑइल बदलल्यावर झाकण तुम्ही लावायचं विसरलात की बाबांनी मागाहून काढून बघितलं, यावर मी दोन्ही बाजू इतक्यांदा ऐकल्यात की मला आता निकाल द्यायचा नाही. बाबांना यातलं काही कळणार नाही. आई माझ्या बाजूने आहे.

तुमची,
भिंगरी


९ जानेवारी

चि. भिंगरी,

तुझ्या पत्राचा आवाज स्वच्छ आला. असंच लिहीत जा, कान नसले तरी चालतंय.

दाजींना माझा नमस्कार सांगू नकोस, कारण मी तो पाठवलेला नाही.

आता नीट वाच. चाकामागे एक चकचकीत लोखंडी तबकडी असते, ती चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही अंगांनी धरणारा एक जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. जबड्यात दोन बाजूंना दोन पॅड. पॅड म्हणजे काय, तर लोखंडी पत्रा आणि त्याला जाड काळं अस्तर. तुमच्या कोटाला असतं तसंच समज. अस्तर झिजलं की गाडी ओरडते. तुमच्या गाडीचं अस्तर संपलेलं आहे, म्हणजे ती गेले वर्षभर थंडीने नाही तर नागडी आहे म्हणून ओरडतेय.

सपाट जागी गाडी उभी कर. हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना विटा लाव. चाकाचे नट गाडी खाली असतानाच जरा ढिले कर. वर उचलल्यावर जोर लावलास तर चाकच फिरेल आणि तू पण. मग जॅक लावून उचल आणि लगेच खाली स्टँड दे. नुसत्या जॅकवर माझा स्वतःवर आहे तेवढाही विश्वास नाही. चाक काढ. जबड्यामागे दोन बोल्ट असतील, त्यातला खालचा काढलास की जबडा वर उचलला जाईल. तो तारेने बांधून ठेव. त्याला जोडलेल्या रबरी नळीवर त्याचा भार येऊ द्यायचा नाही, त्या नळीतून ब्रेकचं तेल जातं.

नवे पॅड जाड, म्हणून जबड्यातला दट्ट्या मागे सारावा लागतो. जुना पॅड त्यावर ठेव आणि सुताराचा शिकंजा लावून हळूहळू दाब. घाई नको, काज करताना करतेस तसं. त्या आधी बॉनेट उघडून ब्रेकतेलाच्या बाटलीचं झाकण सैल कर, कारण तेल वर चढतं. सांडलंच तर लगेच पूस, रंग खातं ते. पॅडला आणि तबकडीला तेलकट बोट लावायचं नाही.

आणि एका वेळी एकच चाक उघड. दुसरं नमुना म्हणून तसंच राहू दे. कुठे अडलं तर त्याच्याकडे बघायचं.

पॅड बसले की जबडा खाली, बोल्ट घट्ट, चाक, नट, जॅक खाली, आणि नट पुन्हा एकदा समोरासमोरचे आवळायचे, अंगातला सगळा जोर लावून.


११ जानेवारी

भिंगरी,

गाडी हलवू नकोस!

आज चष्म्याचं घर उचललं तर खाली तुला लिहिलेल्या पत्राचं चौथं पान. सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. खाली माझी सही नाही हे बघून तुला शंका यायला हवी होती, पण चूक माझी.

ऐक. दट्ट्या मागे सारलेला असतो, त्यामुळे पॅड आणि तबकडीत फट राहते. काम झाल्यावर गाडी जागेवरच ठेवून ब्रेकचं पेडल दाबत राहायचं. पहिल्यांदा पाय थेट जमिनीला टेकेल. घाबरायचं नाही. सात, आठ, दहा वेळा दाबलं की फट भरते आणि पेडल टणक होतं. टणक झाल्याशिवाय गाडी सुरूही करायची नाही. मग तेलाची पातळी बघून झाकण लावायचं. (झाकण लावायचं. मी लावतो. नेहमीच लावत आलोय.)

हे पत्र तुझ्याआधी पोचो.

मामा


१३ जानेवारी

मामा,

झालं! दोन्ही चाकं! पण सगळं पहिल्यापासून सांगते.

तुमचं पत्र येताच दुकानातून पॅड आणले, ते बोटभर मोठे निघाले. हे शनिवारी. आता काय करावं म्हणून डिकीत जॅक शोधत होते, तर स्टेपनीखाली बाबांच्या जुन्या रुमालात बांधलेला एक खोका. आत नवे पॅड. अगदी बरोबर मापाचे. खोक्यावर धुळीचा थर. म्हणजे मामा, माणूस वर्षापूर्वी पॅड आणतो, रुमालात बांधतो, आणि वर्षभर बायकोला हँडब्रेकवर उतारावरून नेतो! हट्ट म्हणायचा की काय म्हणायचं? माझं डोकंच फिरलं.

काल रविवारी आईने बाबांना वाचनालयात पिटाळलं. चार पुस्तकं परत करायला दिली, त्यातली दोन आपलीच होती, म्हणजे वाद घालण्यात तेवढाच वेळ जाईल. ती स्वतः खिडकीत पाय स्टुलावर ठेवून पहाऱ्याला बसली. बाबा दिसले की खोकायचं ठरलं होतं.

डावं चाक तुम्ही लिहिलंत तसं, शब्दन् शब्द. मग मी जरा चढले. उजवीकडे दोन्ही जुने पॅड एकदम काढून टाकले आणि दट्ट्या दाबण्याच्या नादात कोणता कसा होता ते विसरले. डाव्या बाजूला चाक बसलेलं, बघायचं कुठे? पण तुमचं कोटाचं आठवलं. शिवताना आपण सुलटावर सुलट ठेवतो. तबकडी चकचकीत, पत्रा चकचकीत. चकचकीतावर चकचकीत ठेवलं आणि अस्तर पाठीमागे. जरा ठोकावं लागलं, पण बसलं.

तेवढ्यात आई खोकली. इतकी खोकली की बाबा धावतच आले, तिला पाणी द्यायला, आणि वाटेत मी. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. आधी त्यांनी जॅककडे पाहिलं. मग म्हणाले, "खाली स्टँड दिलायस?"

"दिलाय."

"हं."

बस्स. दोन्ही हात खिशात घालून उभे. मी घामाघूम होऊन नट आवळतेय, आणि हा माणूस एक नट आवळायला पुढे होत नाही! रागच धरला होता, दुसरं काय. मी जॅक उतरवल्यावर मात्र म्हणाले, "मी चालवून बघतो," आणि बसले.

मामा, तुमच्या पत्रात पुढे काही होतं का? कारण आपलं फाटक उताराचं आहे, आणि समोर मुख्याध्यापिकाबाईंचं अंगण. बाबांनी ब्रेक दाबला, पाय जमिनीला. पुन्हा दाबला, पाय जमिनीला. गाडी आपली निवांत निघाली, रस्ता ओलांडला, आणि बाईंच्या वाळत घातलेल्या चादरींत शिरली. पहिली, दुसरी. तिसऱ्या चादरीत बाबांना हँडब्रेक सापडला. कोणाला काही लागलं नाही, गाडीलाही नाही.

बाई निवृत्त झाल्यात, पण आवाज नाही झालेला. "काय चाललंय हे?"

फुलाफुलांच्या चादरीतून बाबा बाहेर आले, केस सारखे केले आणि म्हणाले, "ब्रेक तपासतोय."

"मग? लागले का?"

चादरी मी धुऊन, इस्त्री करून दिल्या. बाबा तुमचं पत्र मागून घेऊन खोलीत गेलेत. त्यांना ते द्यावंच लागलं.

एक शंका. गाडी परत आणताना ब्रेक लागत होता, पण उजवीकडून नवाच आवाज येतोय, सुरीला धार लावल्यासारखा. नवं कापड आधी कडक असतं, तसंच ना हे?

तुमची,
भिंगरी


१४ जानेवारी

रा. रा. बसडेपोचे ब्रेकतज्ज्ञ यांस,

(ताईचा आशीर्वाद. हे सांगतायत आणि मी लिहितेय. कंसातलं माझं. त्यांना वाटतंय, मी फक्त त्यांचंच उतरवतेय.)

आपलं चौथं पान आज मिळालं. घटना रविवारी घडली. जो माणूस इंजिनाचं झाकण विसरतो तो पत्राचं पानही विसरणार, यात मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. (हे वाक्य ठळक काढायला सांगितलंय. मी नेहमीसारखंच काढलंय.)

माझ्या घरात, माझ्या गाडीवर, माझ्या मुलीकरवी, माझ्या पाठीमागे आपण हे कारस्थान रचलंत. (मी पण होते म्हणून सांगितलं मी. म्हणतात, तुझं नंतर बघतो.) चादरी प्रकरणानंतर समोरच्या बाई मला येता-जाता फाटकातून विचारतात, आज तपासणी आहे का. मला दूध आणायला मागच्या दाराने जावं लागतं.

पॅड मी स्वतः वर्षापूर्वीच आणून ठेवले होते आणि योग्य वेळी बसवणारच होतो.

(ते पाणी प्यायला उठलेत, पटकन लिहिते. यांचे अंगठ्यांचे सांधे गेलेत रे. स्टिअरिंग धरता येतं, गाडी उत्तम चालवतात, पण पिळायचं, आवळायचं काही होत नाही. पत्रही म्हणूनच मी लिहितेय. पॅड आणले तेव्हा तीन दिवस रोज सकाळी चाकापाशी जाऊन बसायचे. मी वरून बघायची. पाना लावायचे, जोर करायचे, आणि नट हलायचा नाही. चौथ्या दिवशी रुमालात बांधून ठेवले. मला म्हणाले, नट गंजलेत. मी म्हटलं, असतील. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. पोरीला तर मुळीच सांगू नकोस, ती उगाच हळवी होईल. आले.)

कुठपर्यंत आलो होतो? (योग्य वेळी, म्हणून सांगितलं.) हां. योग्य वेळी. तेव्हा यापुढे आपण आपल्या बसगाड्या सांभाळाव्यात. उत्तराची अपेक्षा नाही.

(उत्तर लगेच दे.)


१६ जानेवारी

दाजी,

नमस्कार. या वेळी मी स्वतः पाठवलेला आहे, तेव्हा घ्यावा.

पान माझ्याकडूनच राहिलं. गाडीत तुमच्याऐवजी ताई असती तर, या विचाराने मी दोन दिवस नीट जेवलो नाही. माफी मागतो. झाकणाबद्दल मात्र मी ठाम आहे.

आता भांडण जरा बाजूला ठेवा, कारण काम अडलंय. गाडी अजिबात काढू नका. भिंगरीने लिहिलंय त्यावरून उजव्या चाकाचे पॅड उलटे बसलेत. लोखंड तबकडीकडे आणि अस्तर पाठीमागे. सुलटावर सुलट! मीच कोटाचं उदाहरण दिलं होतं, तेव्हा हेही माझ्याच खाती. पुन्हा उघडायला लागेल.

पोरीचा हात चांगला आहे. पण हाताने अर्धंच काम होतं. आमच्या डेपोत एक जुने फोरमन होते. शेवटची सहा वर्षं त्यांनी पान्याला हात लावला नाही. स्टुलावर बसायचे आणि बघायचे. आम्ही त्यांना "डोळा" म्हणायचो. डोळ्याने मान हलवल्याशिवाय एकही बस फाटकाबाहेर जात नसे. रविवारी पोरीला असा डोळा हवाय, आणि तो मी इथून होऊ शकत नाही.

आणखी एक. मी मुदतीच्या दोन वर्षं आधी निवृत्ती घेतली, ती कंटाळा आला म्हणून, असं सगळ्यांना सांगितलंय. खरं तसं नव्हतं. चाचणीला बस घेऊन गेलो, आणि ब्रेक ओरडत होता. मागे बसलेल्या पोराने सांगितलं तेव्हा मला कळलं. मला ऐकूच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. हे कोणाला बोललो नाही, तुम्हाला सांगतोय. म्हणून म्हणतो, दाजी, डोळा तुम्ही व्हाच, पण कानही तुम्हीच व्हा. उजवीकडचा तो आवाज गेला की नाही, हे तुम्ही मला कळवायचं.

ताई हे वाचत असेलच. ताई, तुलाही आता कळलं. ओरडू नकोस, तसंही ऐकू येणार नाही.

तुमचा मेहुणा


२१ जानेवारी

मामा,

तुम्ही बाबांना काय लिहिलंत कोण जाणे. पत्र त्यांनी खिशात ठेवलंय आणि विचारलं की म्हणतात, "तांत्रिक आहे."

रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही चष्मे घेऊन, माझं शिवणाचं स्टूल अंगणात मांडून हजर! हातात आईची काठी. ती टेकायला नव्हती, दाखवायला होती. "तो बोल्ट. तो नव्हे. खालचा. अगं, खालचा म्हणजे जमिनीच्या बाजूचा!" आई खिडकीतून म्हणाली, "मला उठायचंय, काठी द्या." तर म्हणाले, "काम चालू आहे."

चाक निघालं, जबडा उचलला. बाबा वाकून बघतात तर पॅडची पाठ. "हे असं का बसवलंस?"

मी म्हटलं, "सुलटावर सुलट, बाबा. चांगली बाजू आत."

आधी त्यांना कळलंच नाही. मग मी माझी ओढणी घेऊन करून दाखवलं, कापडाची सुलट बाजू सुलट बाजूवर ठेवायची, पाठीमागून शिवायचं आणि मग उलटवायचं. ते म्हणाले, "आणि गाडी उलटवणार होतीस ती कधी?" आणि हसायला लागले. मामा, किती वर्षांनी हसले हो असे. स्टूल डुगडुगलं, काठी पडली, खिडकीतून आई "काय झालं, काय झालं" करतेय, आणि समोरून बाई विचारतायत, "चादरी काढू का?"

तबकडीवर दोन बारीक ओरखडे होते. बाबांनी त्यांवरून नख फिरवून पाहिलं, नख अडकत नाही म्हणाले, चालेल. दहा पावलंच गेली होती गाडी, म्हणून वाचलं. या वेळी काळी बाजू तबकडीकडे. प्रत्येक पॅड बसवण्याआधी त्यांना दाखवायचा, त्यांनी मान हलवली की बसवायचा.

आता एक सांगते, पण हे तुमच्यात नि माझ्यात. दट्ट्या सारण्याआधी तेलाचं झाकण सैल करायचं होतं. बाबा म्हणाले, "एवढं मी करतो," आणि उठले. झाकण धरलं. फिरवलं. फिरेना. मी वाकून चाकाकडे बघत असल्यासारखं केलं, पण मला त्यांचा अंगठा दिसत होता. पांढरा पडला होता. झाकण आधीच्या रविवारी मीच लावलं होतं, दोन बोटांनी, अगदी हलकं.

"कोणी एवढं घट्ट लावलंय हे?" म्हणाले.

तो रुमाल माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि खिशातले हात. मी काय काय बोलले होते, तेही.

"मीच लावलं बाबा, फार जोर दिला बहुतेक," म्हटलं, आणि दात ओठ खात, कण्हत, दोनदा हात झटकून ते उघडलं. चांगलं नाटक केलं मी. ते म्हणाले, "झाकणावर इतका जोर देऊ नये." मी बरं म्हटलं. आईला यातलं काही माहीत नाही, तिला कळवू नका, ती काळजी करत बसेल.

काम झाल्यावर बाबा गाडीत बसले आणि पेडल दाबायला लागले. मोठ्याने मोजत होते. मी चाकापाशी, आई खिडकीत, आणि समोर बाई दोरीपाशी, सगळ्याजणी मनात मोजत होतो. पाचाला पाय वर राहायला लागला. आठाला म्हणाले, "येतंय." अकराव्याला पेडल दगडासारखं झालं. तरी त्यांनी पंधरा केले. मग अंगणातच चार वेळा पुढेमागे. कान खिडकीबाहेर काढून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. इंजिन बंद करून मला चाक पुन्हा जॅकवर उचलून हाताने फिरवायला लावलं, तेही ऐकलं. इतकं कशाला ऐकत होते, कोण जाणे.

काल सोमवार, आईचा दवाखाना. मधल्या तीन खेपा टॅक्सीत आडवी बसून गेली होती, म्हणून गाडीत बसताना खूश होती. मी मागे बसले. उताराच्या वर बाबा थांबले, हँडब्रेककडे हात गेला, आणि तसाच मागे आला. मग सोडली.

अर्ध्या उतारावर, औषधांच्या दुकानाशेजारच्या बोळातून एक रंगारी खांद्यावर शिडी घेऊन सरळ रस्त्यात. तोंड पलीकडे. आधी नुसती शिडीच आली, माणूस मागाहून. आई "अहो!" म्हणाली. बाबांनी ब्रेक दाबला.

आवाज नाही, घसरणं नाही. गाडी जागच्या जागी उभी. शिडीचं टोक बॉनेटपासून वीतभर. रंगाऱ्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. शीळ घालत पलीकडच्या फाटकात गेला, शिडी त्याच्यामागून गेली, आणि रस्ता मोकळा.

आईचे डोळे उघडे होते. मी पाहिलं, कारण मी मुद्दाम पाहिलं. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते.

"तुझ्या मामाला लिही," म्हणाले.

"काय लिहू?"

ते इतका वेळ विचार करत राहिले की मागच्या गाडीने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला.

"लिही, थांबली म्हणून," बाबा म्हणाले. "आणि आवाज नाही. दोन्ही बाजूंनी नाही, म्हणावं."

तुमची,
भिंगरी